न दिसणाऱ्या जनुकाचा माग
संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. प्रयोगशाळेत मी आणि पीएच.डी.ची एक विद्यार्थिनी, दोघीच उरलो होतो. तिने काढलेला जनुकांचा वंशवृक्ष पडद्यावर होता आणि तिचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, तीन वेळा ब्लास्ट लावलं. सब१बी मिळतं, सब१सी मिळतं. सब१ए भातात नाहीच."

"कोणत्या भातात?"

"निप्पोनबारे."

मग बरोबरच होतं. ब्लास्ट हा जनुकांच्या क्रमातलं साम्य शोधणारा प्रोग्रॅम, आणि तो जिथे शोधायला सांगावं तिथेच शोधतो. निप्पोनबारे हा जपानी वाण. २००५ साली भाताचा जीनोम वाचून पूर्ण झाला तो याच वाणाचा, आणि त्यातल्या अकराव्या गुणसूत्राचा काही भाग दिल्लीतल्या संशोधकांनी वाचला होता. तेव्हापासून भात म्हटलं की आमच्या संगणकात पहिल्यांदा तोच उघडतो. पण पुरात रोप जगवणारं सब१ए, सब१बी आणि सब१सीचं भावंड, नेमकं त्यातच नाही. २००६ साली ते उजेडात आलं ते ओडिशाच्या एफआर१३ए या वाणातून, नवव्या गुणसूत्रावर.

माझं माहेर कोकणातलं. लावणी झाल्यावर खाचरात पाणी तुंबलं की ते ओसरल्यावर आजी बांधावरून खाली उतरायची आणि चिखलात आडवी झालेली लांबडी, पिवळी रोपं हातात घेऊन बघत राहायची. ती इतकी लांब का झाली, हे मला कळलं ते पुष्कळ वर्षांनी, हे काम करताना. बुडालेल्या रोपात इथिलिन वायू साठतो, त्याला बाहेर पडायला वाव मिळत नाही. त्याच्या इशाऱ्याने साधं रोप पाण्याबाहेर डोकं काढायला भराभर वाढतं, साठवलेली साखर त्यात संपवतं आणि पाणी उतरलं की कोलमडतं. सब१ए असलेलं रोप वाढ आवरून धरतं. साखर राखतं, पाणी गेल्यावर पुन्हा वाढीला लागतं. स्वर्णा या वाणात हे जनुक संकराने आणलं, तेव्हा ते पीक दोन आठवड्यांच्या आसपास पूर्ण बुडूनही तगायला लागलं. आजीच्या हयातीत ते आमच्या खाचरात आलं नाही, याची मला खंत आहे.

गंमत अशी की खोल पाण्यातल्या भातात याच्या उलट काम करणारी जनुकं आहेत. २००९ साली ती सापडली, नाव स्नॉर्केल. ती रोपाला पाण्याच्या वर वर ताणत नेतात. सब१ए आणि स्नॉर्केल, दोन्ही इथिलिनला प्रतिसाद देणाऱ्या एकाच जनुक-कुळातली, ईआरएफ कुळातली. एक भाऊ थांब म्हणतो, दुसरा वाढ म्हणतो. अशी भावंडं प्रती होऊन तयार होतात. जनुकाची दुसरी प्रत झाली की एक प्रत जुनं काम सांभाळते आणि दुसरीला नवं काही शिकायला मोकळीक मिळते, ही मांडणी सुसुमु ओह्नो यांनी १९७० साली केली. वनस्पतींत अशा प्रतींना तोटा नाही. भाताच्या ईआरएफ कुळात १३९ जनुकं मोजली गेली आहेत, आणि आपल्या पोळीच्या गव्हात तर गुणसूत्रांचे सहा संच आहेत.

आमचं रोजचं काम म्हणजे या भावंडांना एकमेकांखाली ओळीने मांडायचं. आम्ही त्याला अलाइनमेंट म्हणतो. प्रत्येक अमिनो आम्लाला एक अक्षर आणि एक रंग. ईआरएफ कुळाची खूण असलेला साठेक अक्षरांचा पट्टा आला की रंगांचे उभे खांब सरळ उभे राहतात. त्याच्या अलीकडे-पलीकडे रंग विस्कटतात, मध्ये रिकाम्या रेघा येतात. मी माउस सोडून पडद्यावर बोट टेकवते आणि एकेक रकाना बघत जाते. सब१एच्या १८६ व्या जागी तग धरणाऱ्या प्रकारात सेरिन असतं, न धरणाऱ्यात प्रोलिन. एवढा फरक नजरेला पडावा म्हणून आधी शेजारचा कचरा काढावा लागतो: अर्धवट क्रम, आणि संगणकाने दोन शेजारी जनुकं जोडून एकच समजलेली लांबलचक प्रथिनं. वृक्ष काढायला रात्रभर सर्व्हर चालतो, पण कचरा काढायला तीन आठवडेही जातात. नव्या मुलांना मी हेच आधी शिकवते.

मला ते चूक करून शिकावं लागलं. पोस्टडॉकच्या पहिल्या वर्षी एका पिकात एक जनुक 'नष्ट झालं' असं मी लिहिलं होतं. परीक्षकाने विचारलं, मूळ रीड्स, म्हणजे यंत्राने वाचलेले डीएनएचे सुटे तुकडे, पाहिलेत का? पाहिले नव्हते. जनुक शाबूत होतं. जीनोम जोडताना राहिलेल्या फटीत ते पडलं होतं. पाच महिन्यांचं लिखाण मी बदललं. तेव्हा माझं पद प्रकल्पावरचं होतं, मुदत संपत आली होती. या वाटेवर अशी पदं एकामागून एक धरत जावं लागतं आणि दरवेळी घर हलतं. तरी तो प्रश्न विचारणाऱ्या अनोळखी माणसाची मी आजही आभारी आहे.

विद्यार्थिनीला मी तोच प्रश्न विचारला. तीन हजारांवर भातवाणांचे रीड्स २०१४ पासून सर्वांसाठी खुले आहेत. त्यातला इंडिका गटातला एक भारतीय वाण तिने निवडला, त्याचे ते छोटे तुकडे एफआर१३एच्या सब१एवर बसवायला जॉब लावला आणि शेवटची बस गाठायला पळाली.

पावणेबाराला तिचा मेसेज आला. "मॅडम, ए आहे! पण १८६ वर पी."

पी म्हणजे प्रोलिन. जनुक आहे, पण तग न धरणाऱ्या प्रकारातलं. मी आनंदाने उठून बसले आणि तिला लिहिलं, "शाब्बास. बी आणि सीचे रीड्स चुकून एवर बसले नाहीत ना, ते सकाळी दोघी मिळून बघू."