वेताळाची अस्सल कथा कोणती?

इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक जपणारे वाचक एकत्र जमले की एक वाद हमखास रंगतो. वेताळाच्या कोणत्या कथा अस्सल धरायच्या?

मूळ वेताळ म्हणजे ली फॉक यांचा ‘फँटम’. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत त्याची चित्रमालिका सुरू झाली. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढलं आणि पुढे ते मराठीतही आलं. मात्र कथा जशीच्या तशी छापली जात नसे. ठरावीक पानांत बसवायला चौकटी गाळल्या जात, नावंही बदलत. फॉक यांचा ‘बंगाला’ देश इथे ‘डेंकाली’ झाला.

म्हणून काटेकोर मंडळी फक्त फॉक यांनी १९९९ मध्ये निधन होईपर्यंत लिहिलेल्या कथाच प्रमाण मानतात. इतरांना स्वीडनच्या ‘फँटोमेन’ नियतकालिकातल्या कथाही चालतात. १९९४ च्या ‘फँटम २०४०’ या कार्टून मालिकेत तर चोविसाव्या पिढीतला वेताळ आहे; वृत्तपत्रातला नायक एकविसाव्या पिढीतला!

पण खुद्द फॉक यांच्या कथाही एकसारख्या नाहीत. आधी आशियात असलेला वेताळाचा मुलूख पुढे आफ्रिकेत गेला. पोशाखाचा रंगही देशोदेशी वेगळा: अमेरिकेत जांभळा, स्वीडनमध्ये निळा, इटलीत लाल.

मराठी अंकांना या वादात स्वतःची जागा मिळायलाच हवी. ज्यांच्याकडे ते आहेत, त्यांनी मूळ चित्रपट्ट्यांशी ताडून गाळलेल्या चौकटी आणि बदललेली नावं जरूर नोंदवावीत.