श्रद्धेच्या दारातून सेवेकडे

शाळेत असताना मी गाइड होते. जुनी माणसे स्काउटला बालवीर आणि गाइडला वीरबाला म्हणत. आठवीत आमच्या पथकाचे तीन दिवसांचे शिबिर ठरले, तेव्हा घरात पेच पडला. आमच्या घरची मुलगी तोवर एक रात्रही बाहेर राहिली नव्हती. अब्बांनी शाळेत येऊन बाईंना तीन प्रश्न विचारले : सोबत शिक्षिका असतील ना? नमाजाला सवड मिळेल ना? आणि मुलींकडून वचन कसले घेता? तिसऱ्याचे उत्तर ऐकून ते निवळले. भारत स्काउट्स अँड गाइड्सच्या वचनात ईश्वराप्रती कर्तव्य आधी येते, मग देश आणि इतरांची मदत. 'ईश्वर' ऐवजी 'धर्म' म्हणण्याचीही मुभा आहे. मी शिबिराला गेले.

हे तीन प्रश्न काही एकट्या अब्बांचे नव्हेत. इतर देशांतील मुस्लिम पालकांनाही ते पडतात. त्यांची उत्तरे कशी शोधली गेली, यासाठी अमेरिकेचे उदाहरण मला उद्बोधक वाटले.

मुळात ही चळवळ मुलांसाठी निघाली. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मेळाव्यात काही मुली आपणहून हजर झाल्या आणि १९१० मध्ये गर्ल गाइड्स संघटना उभी राहिली. अमेरिकेत ज्युलिएट लो यांनी १२ मार्च १९१२ रोजी सव्हाना गावी पहिली तुकडी सुरू केली. तेथे या मुलींना गर्ल स्काउट म्हणतात. १९९३ पासून वचनातील 'गॉड' या शब्दाच्या जागी आपल्या श्रद्धेनुसार दुसरा शब्द घेण्याची मोकळीक त्यांना मिळाली.

तेथे मशिदींच्या व इस्लामी शाळांच्या आश्रयाने मुस्लिम मुलींची पथके चालतात. गणवेशाचा पट्टा आणि डोक्यावरचा हिजाब एकत्र नांदतात. शेकोटीवर भाजायच्या मार्शमेलो मिठाईत जिलेटिन असते. ते हलाल आहे की नाही, हे पाहून खरेदी होते. मुस्लिम मुलींसाठी धार्मिक पदकेही आहेत. त्यांतील एकाचे नाव 'बिस्मिल्लाह', दुसऱ्याचे 'कुर्रतुलऐन', म्हणजे डोळ्यांचा गारवा. ही पदके स्काउट संघटना देत नाही. धर्माच्या समितीकडून ती मिळतात. त्यासाठी मुलीने आपल्या धर्माचा अभ्यास करायचा असतो आणि तो आचरणातही आणायचा असतो.

या चळवळीत सेवेला इतके महत्त्व का, हे इस्लामच्या बाजूने पाहिले तर लवकर उमगते. जकात ऐपतदाराने द्यायची असते, बचतीच्या अडीच टक्के. सदक्याला मात्र पैसाच हवा असे नाही. वाटेतला काटा किंवा दगड दूर करणे हाही सदकाच, अशी पैगंबरांची शिकवण आहे. रोज एक तरी सत्कृत्य करावे, हा बालवीरांचा नेम याहून वेगळा कुठे आहे? जिच्या हाती एक रुपयाही नाही, अशा मुलीलाही देण्यासारखे काही असते, हे दोन्हीकडे मान्य आहे. आमच्यासारख्या घरातल्या मुलीला याचे मोल फार वाटते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. धर्मावर पथके निघाली, तर मुली एकमेकींपासून दूर जाणार नाहीत काय? आक्षेप निरर्थक नाही. पथकाने स्वतःभोवती कुंपण घातले, तर तसे होईलही. पण तेथे मुस्लिम पथकालाही नियम तेच, बिल्ले तेच. मोठ्या मुलींच्या सर्वोच्च 'गोल्ड अवॉर्ड'साठी प्रत्येकीला समाजोपयोगी प्रकल्प करावा लागतो. त्याला सुमारे ८० तास द्यावेत अशी अपेक्षा असते. त्या प्रकल्पाचा लाभ कोणाला मिळावा, हे धर्म पाहून ठरत नाही. आणि घरच्यांचा विश्वास बसला नाही, तर मुलगी ना मुस्लिम पथकात जाते, ना मिश्र पथकात. ती घरातच राहते.

आपल्या पुण्यातच याचे दुसरे रूप पाहायला मिळते. गर्ल गाइड्सच्या जागतिक संघटनेचे 'संगम' हे केंद्र १९६६ साली तेथे सुरू झाले. देशोदेशीच्या, निरनिराळ्या धर्मांच्या मुली तेथे एकत्र राहतात.

माझे त्या वेळचे शिबिर मिश्रच होते. पहाटे मी नमाज पढत होते, तेव्हा शेजारच्या मैत्रिणीने माझ्या वाट्याचे पाणी भरून ठेवले. दुसऱ्या दिवशी तिची प्रार्थना चालू असताना चूल मी पेटवली. अब्बांना हे सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पुढच्या शिबिराला धाकटीलाही ने."