मोफत आहे, पण मिळते का?

जगभरातल्या असंख्य प्रयोगशाळांचे काम आज मोफत सॉफ्टवेअरवर चालते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी घडवलेली ‘आर’ ही संख्याशास्त्राची भाषा घ्या, किंवा सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांतल्या पेशी मोजून देणारे ‘इमेजजे’ घ्या. दोन्हींसाठी एक पैसाही पडत नाही. मात्र परवाना वापरण्याची मुभा देतो, फाइल आपल्यापर्यंत पोहोचण्याची हमी देत नाही. डाउनलोड अडकले की आपण ती किरकोळ कटकट समजतो. वास्तविक हा विज्ञानाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न आहे. शोधनिबंधातली आकडेमोड ज्या सॉफ्टवेअरवर झाली तेच हाती येत नसेल, तर निष्कर्षाची फेरतपासणी करायची कशी?

अडचण कुठे आहे, हे पुष्कळदा संगणकच सांगतो. आपण तो संदेश न वाचताच खिडकी बंद करतो. ‘४०४’ दिसले तर सर्व्हर चालू आहे, पण त्या पत्त्यावर फाइल नाही. ‘४०३’ दिसले तर सर्व्हरने नकार दिला आहे. सुरक्षा प्रमाणपत्राची तक्रार आली तर आधी संगणकाची तारीख पाहावी. उपकरणांना जोडलेल्या जुन्या संगणकांत मदरबोर्डवरचा सेल संपला की घड्याळ अनेक वर्षे मागे जाते आणि वैध प्रमाणपत्रही संगणकाला अवैध वाटते. दुवा ‘एफटीपी’ने सुरू होत असेल तर कारण आणखी वेगळे असते. क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी २०२१मध्ये ही जुनी पद्धत काढून टाकली. फाइल सर्व्हरवर तशीच असू शकते. ब्राउझर सोडून ‘फाइलझिला’सारखे साधन वापरले की ती उतरवता येते.

काही अडथळे मात्र वापरणाऱ्याच्या हातचे नसतात. जानेवारी २०१०मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे ‘सोर्सफोर्ज’ या मोफत सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळाने इराण, क्युबा, सीरिया, सुदान आणि उत्तर कोरियातून होणारी डाउनलोड बंद केली. भारतातही डिसेंबर २०१४मध्ये सरकारी आदेशाने ३२ संकेतस्थळे रोखली गेली, त्यांत ‘गिटहब’ आणि ‘इंटरनेट आर्काइव्ह’ही होते. कायदा पाळावाच लागतो, हे खरे. पण जगाला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची प्रत एकाच ठिकाणी ठेवली, तर एका आदेशाने किंवा एका बिघाडाने सगळेच थांबते. ‘आर’चे भांडार म्हणूनच अनेक देशांतल्या सर्व्हरांवर जसेच्या तसे ठेवलेले असते. एक बंद पडला तर दुसरा निवडता येतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, गूगलवर शोधले की तेच सॉफ्टवेअर दुसरीकडे मिळते. मिळते, पण ते तेच आहे कशावरून? २०१५मध्ये ‘गिंप’ या मोफत चित्र-संपादकाच्या विंडोज आवृत्तीला एका डाउनलोड स्थळावर जाहिराती दाखवणारे प्रोग्रॅम जोडल्याचे उघड झाले होते. म्हणून मूळ प्रकल्पाने दिलेला ‘शा-२५६’ हा ६४ चिन्हांचा ठसा उतरवलेल्या फाइलच्या ठशाशी ताडून पाहावा. फाइलमधला एक बिट बदलला तरी ठसा पार बदलतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोफत सॉफ्टवेअरचे काम बरेचसे स्वयंसेवकांचे, त्यांच्यावर आणखी ओझे का टाकायचे? पण ‘सर्न’ ही संशोधन संस्था चालवत असलेल्या ‘झेनोडो’ या भांडारात फाइल ठेवायला पैसे लागत नाहीत आणि प्रत्येक आवृत्तीला कायमचा क्रमांक मिळतो. ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हा उपक्रम तर २०१६पासून जगभरचा स्रोतसंकेत जपून ठेवत आहे. ओझे फारसे वाढत नाही, सवय तेवढी लावून घ्यावी लागते.

संशोधकांनी निबंधासोबत सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, तिचा ठसा आणि दुसऱ्या प्रतीचा पत्ता द्यावा. विद्यापीठांनी आणि नियतकालिकांनी तसा आग्रह धरावा. आणि डाउनलोड अडले तर वाचकांनी गप्प बसू नये. संदेश शब्दशः, तारीख आणि वेळेसह प्रकल्पाला कळवावा. तुटलेला दुवा कुणीतरी दाखवून दिल्याशिवाय दुरुस्त होत नाही.