रुमालात बांधलेला इतिहास

शहाडहून निघालेली लोकल गाडी काही मिनिटांतच कल्याणला पोहोचते. हे कल्याण फार जुने शहर आहे. प्राचीन काळी ते मोठे बंदर होते. कान्हेरीच्या लेण्यांना कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दाने दिली होती. शेजारच्या अंबरनाथचे शिवमंदिर इ. स. १०६० मधील आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण जिंकले आणि खाडीकाठच्या दुर्गाडीला महत्त्व आले. १८५४ साली आगगाडी ठाण्याहून कल्याणपर्यंत आली.

मित्रांनो, या सर्व गोष्टी आपल्याला कशा कळल्या? काही दगडांवर कोरलेल्या लेखांवरून, तर काही कागदांवरून. दगड ऊनपाऊस सोसून शेकडो वर्षे टिकतो. कागदाचे तसे नाही. त्याला वाळवी लागते, कसर खाते, पावसाळ्यात बुरशी येते. कधी घरातील माणसेच तो रद्दीत घालतात. कागद नाहीसा झाला, की त्यावरची हकीकतही कायमची जाते. म्हणून कागद सांभाळणारी माणसे लागतात.

असेच एक गृहस्थ म्हणजे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. जुन्या घराण्यांची दफ्तरे शोधत ते गावोगाव हिंडले. वाई येथे त्यांना पानिपतच्या लढाईच्या काळातील पत्रे मिळाली. ती त्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापली. पुढे या ग्रंथाचे बावीस खंड निघाले. परंतु हे काम एकट्या माणसाचे नव्हे, हेही त्यांनी ओळखले होते. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात ‘भारत इतिहास संशोधक मंडळ’ स्थापन केले. आज मंडळाजवळ लाखो जुने कागद आहेत. शिवाय नाणी, चित्रे, ताम्रपट आणि हस्तलिखिते आहेत.

अशा संस्थेत काय चालते? मंडळाच्या पाक्षिक सभेची परंपरा जुनी आहे. पाक्षिक म्हणजे पंधरा दिवसांनी होणारी. एखाद्याला नवा कागद सापडला, तर तो या सभेत वाचून दाखवतो. इतर लोक प्रश्न विचारतात, शंका काढतात. पुरावा नसेल, तर मोठ्या विद्वानाचेही म्हणणे मान्य होत नाही. व्याख्याने व प्रदर्शने भरतात. मोडी लिपीचे वर्गही चालतात. मोडी ही मराठीची जुनी, भराभर लिहिण्याची लिपी आहे. तिच्यात शब्द तोडून लिहीत नाहीत. त्यामुळे ती मुद्दाम शिकल्याशिवाय वाचता येत नाही.

मोबदला न घेता काम करणाऱ्याला स्वयंसेवक म्हणतात. जुन्या कागदांच्या कामात स्वयंसेवकांची मोठी मदत होते. जाणकार माणसाच्या देखरेखीखाली ते मऊ कुंचल्याने कागदावरची धूळ झटकतात, घड्या हलक्या हाताने उलगडतात आणि प्रत्येक कागदाला क्रमांक देतात. मग यादी तयार होते. पत्र कोणी लिहिले, कोणाला लिहिले, केव्हा लिहिले आणि कशाविषयी, हे यादीत नोंदवतात. शेवटी कागदांचा गठ्ठा कापडात बांधून ठेवतात. या कापडी गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणतात. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी मात्र लावायची नसते, कारण तिचा डिंक कागदाला डाग पाडतो.

हे काम आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. ‘रुमाल’ आणि ‘दफ्तर’ हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. मराठीतील कागद, तारीख, अर्ज, वसूल, फौज हे शब्दही तुम्ही उर्दूत रोज वापरता. त्याहून गमतीची गोष्ट कालगणनेची आहे. जुन्या मराठी पत्रांत पुष्कळदा ‘शुहूर सन’ लिहिलेला असतो आणि तो अरबी संख्यांनी लिहितात. उदाहरणार्थ, ‘सन खमस सबैन अलफ’. खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर आणि अलफ म्हणजे हजार. एकूण झाले १०७५. शुहूर वर्ष मे महिन्याच्या अखेरीस, मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होते. तेव्हापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेसाठी ५९९ मिळवले आणि त्यापुढील महिन्यांसाठी ६०० मिळवले, की इसवी सन निघतो. १०७५ मध्ये ५९९ मिळवले, तर १६७४ येतात. याच वर्षी ६ जून रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. ज्या संख्यांपाशी इतर मुले अडखळतील, त्या तुम्ही सहज वाचू शकाल.

मराठ्यांच्या इतिहासाची बरीच साधने फार्सीत आहेत. म्हणून मंडळाचे ग. ह. खरे फार्सी शिकले आणि त्यांनी ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’ या नावाने खंड प्रसिद्ध केले. निलंगा येथे जन्मलेले सेतुमाधवराव पगडी उर्दू व फार्सी उत्तम जाणत. त्यांनी फार्सी ग्रंथांतील माहिती मराठी वाचकांपर्यंत आणली. दोन भाषा जाणणारा माणूस दोन घरांमधल्या दारासारखा असतो. तुम्हीही दोन भाषा शिकत आहात.

हे धन किती नाजूक आहे, हे ५ जानेवारी २००४ रोजी दिसून आले. एका पुस्तकावरून वाद झाला आणि त्या रागात एक जमाव पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या इमारतीत शिरला. कपाटे फोडली गेली, ग्रंथ व कागद विस्कटले गेले. ज्या कागदांचा त्या वादाशी काही संबंध नव्हता, त्यांचेही नुकसान झाले. पुस्तकाला उत्तर पुस्तकाने देता येते. फाटलेले जुने पान मात्र पुन्हा कोणालाही लिहिता येत नाही. नंतर विस्कटलेले कागद गोळा करून पुन्हा लावावे लागले. अशा वेळी कामाला येतात ते निगुतीने पाने उचलणारे हात.

आपल्या गावात एवढी मोठी संस्था नसली, तरी सुरुवात करता येते. घरातील जुने निकाहनामे, जमिनीचे कागद, गिरणी किंवा कारखान्यातील ओळखपत्रे, पत्रे व छायाचित्रे कोरड्या जागी ठेवा. छायाचित्रातील माणसांची नावे आजी-आजोबांना विचारून वेगळ्या कागदावर लिहा. शहाड, मोहने, आंबिवली येथील वृद्ध माणसे कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कोणत्या कामासाठी आली, हे विचारा. ते ज्या बोलीत सांगतील, त्याच बोलीत टिपून घ्या आणि खाली तारीख घाला. १९ ते २५ नोव्हेंबर या जागतिक वारसा सप्ताहात वर्गात त्याचे छोटे प्रदर्शन भरवा. जुन्या वास्तू पाहायला गेलात, तर कचरा उचला. पण भिंतीवर नाव कोरू नका आणि परवानगीवाचून तेथील दगड हलवू नका.

आज तुम्ही टिपलेली हकीकत साधी वाटेल. शंभर वर्षांनी शहाडचा इतिहास लिहिणारा कोणी तरी तिचाच शोध घेत असेल. त्या वेळी ती त्याला सापडली पाहिजे.