हातच्याच्या वजाबाकीतला ४९५

५२ मधून २७ गेले, उरले ३५. माझ्या तिसरीच्या वर्गात हे उत्तर दरवर्षी सात-आठ वह्यांत तरी सापडतं. पूर्वी मी त्यावर लाल फुली मारायची आणि पुढची वही घ्यायची. आता त्या मुलाला जवळ बसवते आणि म्हणते, "कसं केलंस ते सांग बरं मला." सांगणं बहुतेक एकच असतं : "बाई, पाचातून दोन गेले तीन. सातातून दोन गेले पाच." दोनातून सात जात नाहीत हे त्याला नेमकं कळलेलं असतं. म्हणून तो अंक उलटे करतो आणि मोठ्यातून लहान काढतो. चूक आहे, पण निष्काळजीपणाची नाही. ५२ ही एक अख्खी संख्या आहे हे त्याच्या मनात अजून बसलेलं नाही. त्याच्या लेखी ते शेजारी-शेजारी ठेवलेले दोन अंक आहेत.

निफाड तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी तिसरी-चौथी एकत्र शिकवते. द्राक्षांची कामं सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडून मजुरांची कुटुंबं येतात आणि वर्षाच्या मधेच पटावर नवी मुलं चढतात. त्यामुळे हातचा अजिबात न कळलेलं मूल आणि चार अंकी वजाबाकी भराभर करणारं मूल एकाच सतरंजीवर बसलेलं असतं. दोघांनाही त्याच तासात काहीतरी द्यायचं असतं.

हातचा ही प्राथमिक गणितातली खरी अवघड चढण आहे. 'असर' या शैक्षणिक पाहणीत २००५ पासून गावोगावच्या मुलांना गणिताचे जे मोजके प्रश्न विचारतात, त्यात दोन अंकी हातच्याची वजाबाकी आहे, ती उगाच नाही. ती आली तर दशक-एकक कळलं, नाही आली तर पुढचा गुणाकार-भागाकार नुसता पाठ केलेला राहतो.

माझ्याकडे एका पत्र्याच्या डब्यात आइसक्रीमच्या काड्या आहेत. दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधलेले, बाकीच्या सुट्या. ५२ म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. "यातल्या सत्तावीस मला दे." मूल दोन गठ्ठे लगेच देतं. मग सात सुट्या द्यायच्या, पण हातात दोनच. तिथे ते थांबतं. माझ्याकडे बघतं. मी काही बोलत नाही. थोड्या वेळाने हात आपोआप एका गठ्ठ्याकडे जातो, रबर निघतं, काड्या सतरंजीवर पसरतात. ते रबर काढणं म्हणजेच हातचा. ते मुलाने स्वतःच्या बोटांनी पुष्कळ वेळा काढलेलं असलं पाहिजे, त्याआधी "शेजाऱ्याकडून एक उसना घ्या" हे वाक्य त्याच्यासाठी फक्त एक मंत्र असतो.

आपल्या संख्यांची नावंही इथे अडचण करतात. 'बावन्न' ऐकताना दोन आधी येतात, लिहिताना पाच आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास दोन' अशी वाचनाची पद्धत दिली तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला! त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्षा असलेल्या मंगला नारळीकर मुलांची जी अडचण सांगत होत्या, ती मी रोज समोर बघते. माझ्या वर्गात दोन्ही चालतं. गठ्ठे मोजताना 'पन्नास आणि दोन', मोजून झाल्यावर 'बावन्न'. मुलांचा त्याने गोंधळ होत नाही, उलट सुटतो.

हातचा कळला तरी सराव लागतोच, आणि मुलांचं मन गणितावरून उडतं ते या टप्प्यावर. फळ्यावर वीस उदाहरणं, उतरवून घ्या, सोडवा. ज्याला येतं त्याला पाचव्या उदाहरणानंतर कंटाळा. ज्याला येत नाही तो वीसही उदाहरणं त्याच चुकीने करतो, म्हणजे चुकीचाच सराव होतो. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिचं सगळ्यांच्या आधी होऊन जायचं. मी तिला आणखी दहा उदाहरणं द्यायची, मग पाच अंकी, मग सहा अंकी. एक दिवस तिने विचारलं, "बाई, लवकर झालं की मलाच जास्त का देता?" मला उत्तर देता आलं नाही. हुशारीबद्दल मी तिला हमाली देत होते.

वाट सापडली ती आमच्याच जिल्ह्यातल्या एका शिक्षकामुळे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण, आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं देवळालीच्या शाळेत शिक्षकी. कोणती मोठी पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. संख्यांशी खेळणं हेच त्यांचं आयुष्य. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. आज ती संख्या जगभर कापरेकरांच्या नावाने ओळखली जाते. आणि तिच्यापर्यंत पोचायला लागते ती फक्त वजाबाकी. हातच्याची.

तिसरीला मी तीन अंकांपासून सुरुवात करते. कोणतीही तीन अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे मात्र नकोत. समजा ३५२. या अंकांची मोठ्यात मोठी संख्या ५३२, लहानात लहान २३५. वजा केले, २९७. आता २९७ चं तसंच : ९७२ वजा २७९, आले ६९३. मग ९६३ वजा ३६९, ५९४. मग ९५४ वजा ४५९, आले ४९५. पुन्हा केलं तरी ४९५ च. प्रत्येकाने वेगळी संख्या घेतलेली, आणि एकेक करत सगळी वही घेऊन धावत येतात, "बाई, माझापण ४९५!" त्या तासाला मुलांनी शंभराहून जास्त हातच्याच्या वजाबाक्या केलेल्या असतात. फळ्यावर मी एकही लिहिलेली नसते.

पहिल्यांदा हा खेळ घेतला तेव्हा एक मुलगा कोपऱ्यात रडवेला बसला होता. "माझा ३०३ वरच अडकलाय." त्याची वही पाहिली. ५३२ मधून २३५ : पाचातून दोन तीन, तिनातून तीन शून्य, पाचातून दोन तीन. ३०३. पुढे ३३० वजा ०३३, पुन्हा ३०३. तीच जुनी चूक, मोठ्यातून लहान काढायची. पण या वेळी फुली मारायची गरजच नव्हती. सगळ्यांचा ४९५ येतोय आणि आपला येत नाही, हे त्याला स्वतःलाच खुपत होतं. तो उठला, काड्यांचा डबा घेऊन आला आणि शेजाऱ्याबरोबर बसला. शंभरासाठी दहा गठ्ठे एकत्र बांधले. अर्ध्या तासाने तो २९७ वर पोचला होता.

त्याच तासाला ती भराभर करणारी मुलगी म्हणाली, "बाई, मधे सारखा नऊच येतोय." मी म्हटलं, "का येत असेल?" दोन दिवस ती त्याच प्रश्नावर होती. तिसऱ्या दिवशी प्रार्थना संपताच येऊन सांगू लागली : मधला अंक वर आणि खाली तोच असतो. पण वरच्याने सुट्यांना एक देऊन टाकलेला असतो, म्हणून तो एकने कमी पडतो. मग तो शंभरातून दहा घेतो. दहा आले, एक गेला होता, उरले नऊ. आठ वर्षांच्या मुलीने दिलेलं हे कारण काटेकोर आहे. त्यात कुठे बोट ठेवायला जागा नाही.

हुशार मुलांना 'पुढे न्या' असं पालकही म्हणतात, अधिकारीही म्हणतात. बहुतेकांच्या मनात पुढे नेणं म्हणजे तिसरीत पाचवीचं पुस्तक, नाहीतर मोठमोठ्या संख्या. मला ते पटत नाही. त्या मुलीला मी पुढच्या इयत्तेचं काहीही शिकवलं नव्हतं. वजाबाकी तीच, हातचा तोच. पण 'कसं' करायचं हे येत असताना ती 'का' होतं इथवर गेली. आणि रडवेला मुलगाही त्याच खेळात होता, त्याच्यासाठी वेगळा, हलका कोपरा करावा लागला नाही. एकच प्रश्न दोघांना पुरला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. अशा प्रश्नांची तयारी करायला शिक्षकाला वेळ लागतो. तो वेळ माहित्या आणि तक्ते भरण्यात जाऊ नये, एवढी मात्र आमची कळकळीची मागणी आहे.

चौथीला आम्ही जन्मसाल घेतो. २०१५ घ्या : ५२१० वजा ०१२५, ५०८५. मग ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. चार अंकांना सातपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत.

घरी मूल असेल तर आज रात्री जेवणं झाल्यावर एक कागद घेऊन त्याच्याबरोबर बसा. तीन अंकी संख्या त्याला निवडू द्या. मधे ९९ आले तर ०९९ धरा. दर उत्तरात मधला अंक नऊ, आणि कडेचे दोन मिळून नऊ. तसं आलं नाही तर तुम्ही सांगू नका, त्याला शोधू द्या. तीन अंकांना जास्तीत जास्त सहा वजाबाक्या लागतात.