बोगद्याची हवा

"अगं, एवढे पंखे लावलेत आणि सगळे बंदच?" समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी सुरू झाला. त्यानंतर पहिल्यांदाच त्या रस्त्याने आलेल्या माझ्या थोरल्या दिरांचा हा प्रश्न. इगतपुरीजवळचा जुळा बोगदा जवळजवळ 8 किलोमीटरचा आहे. त्याच्या छताला टांगलेले लांबट पंखे, म्हणजे जेट फॅन, त्यांनी मान वर करून बघितले होते.

पंखे बंद असतात कारण बहुतेक वेळा त्यांची गरजच नसते. एकाच दिशेने धावणाऱ्या गाड्या आपल्याबरोबर हवा ओढून नेतात आणि त्या वाऱ्यानेच धूर दुसऱ्या तोंडातून बाहेर पडतो. वाहतूक तुंबली की हा वारा पडतो. मग भिंतीवरच्या सेन्सरवर कार्बन मोनॉक्साइडचा किंवा धुरकटपणाचा आकडा चढू लागतो आणि तो ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की पंखे आपोआप सुरू होतात.

मी विद्युत आणि यांत्रिकी कामाची अभियंता. साइटवर आम्हाला 'ई अँड एम'वाले म्हणतात. डोंगर फोडणारे आणि अस्तराचं काँक्रीट करणारे सामान आवरायला लागले की आमची केबलची रिळं आत येतात. ट्रान्सफॉर्मर, पॅनल, दिवे, पंखे, पंप, कॅमेरे, एसओएस फोन हे सगळं आमच्याकडे. रस्ता म्हणजे डांबर किंवा काँक्रीट असं सगळ्यांना वाटतं, आणि उघड्या माळावर ते खरंही आहे. लांब बोगद्यात मात्र वीज आणि हवा सांभाळली नाही तर त्या काँक्रीटवरून कोणाला सुखरूप नेता येत नाही.

दिव्यांचंच बघा. भर दुपारी बोगद्याच्या तोंडाशी उजेड सर्वांत प्रखर असतो आणि रात्री तिथेच मंद. लोकांना हे उलटं वाटतं. पण उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराला सरावायला वेळ लागतो, आणि ताशी 100 किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर कापते. तेवढ्यात पुढे बंद पडलेला ट्रक दिसलाच पाहिजे. म्हणून सुरुवातीला भरपूर उजेड आणि पुढे तो टप्प्याटप्प्याने कमी. बाहेरच्या खांबावरचा प्रकाशमापक बोगद्याच्या तोंडावर नजर ठेवून असतो. पावसाळ्यात घाटात ढग उतरले की आतले दिवे मंदावतात, ऊन पडलं की पुन्हा चढतात. वीज गेली तर डिझेल जनरेटरला लोड घ्यायला काही सेकंद लागतात. बाहेर पडायच्या वाटेवरचे दिवे, फोन आणि नियंत्रण कक्षाची यंत्रणा तेवढा वेळही बंद पडून चालत नाही, म्हणून हे सगळं यूपीएसवर असतं.

माझ्या कामातला सर्वांत कसोटीचा भाग म्हणजे धुराची चाचणी. बोगदा वाहतुकीला खुला करण्याआधी, रात्री, लोखंडी ट्रेमध्ये इंधन पेटवून गरम धूर करायचा. धूर सरळ छताला जातो आणि दोन्हीकडे पसरू लागतो. यातली एक दिशा जीवघेणी. आगीच्या पुढे असलेल्या गाड्या निघून जातात, पण मागच्या अडकून राहतात, आणि छताला चिकटून मागे सरकणारा धूर त्यांच्याच डोक्यावर येतो. त्याला रोखायला वाहतुकीच्या दिशेने वारा द्यावा लागतो. उतार किती आणि आग केवढी यावर त्याचा वेग ठरतो. साधारणपणे सेकंदाला 3 मीटरच्या आसपास. कमी पडला तर धूर मागे येतो. फार झाला तर आग फोफावते आणि छताखाली साचलेला धूर घुसळून खाली येतो. शिवाय सगळे पंखे एकदम सुरू करता येत नाहीत, कारण मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. म्हणून एकामागून एक, मध्ये थोडा अवकाश ठेवून. आगीच्या अगदी जवळचे पंखे बंदच ठेवायचे. हा सगळा क्रम आम्ही आधी कागदावर आखतो, मग यंत्रणेत भरतो. त्या रात्री मागे सरपटणारा धूर थबकतो, मुडपतो आणि वळून पुढे निघतो, तेव्हा मला जे वाटतं त्याला समाधान हा शब्द अपुरा आहे.

हे नियम माणसं गमावून शिकलेले आहेत. 24 मार्च 1999 रोजी फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या माँ ब्लाँ बोगद्यात मार्गारिन आणि पीठ नेणारा ट्रक पेटला. आग विझायला दोन दिवसांहून अधिक काळ लागला आणि 39 माणसं गेली. त्यांतली बरीचशी आपापल्या गाडीतच सापडली. बोगदा एक, पण चालवणाऱ्या कंपन्या दोन आणि नियंत्रण कक्षही दोन. हवा कुठे ढकलायची याचा मेळ बसला नाही. 2002मध्ये तो पुन्हा उघडला तेव्हा नियंत्रण एका हाती आलेलं होतं.

आमच्याकडे काळजी वाटावी अशी जागा आहे ती देखभालीची. उभा राहिलेला पंखा आपोआप खराब होतो. बेअरिंगमधल्या गोळ्या एकाच जागी दाब देत बसतात आणि जाणाऱ्या गाड्यांच्या हादऱ्यांनी तिथे खळगे पडतात. म्हणून गरज नसतानाही तो ठरलेल्या दिवशी फिरवायचा, थरथर मोजायची, वाइंडिंगचं इन्सुलेशन मेगर या उपकरणाने तपासायचं. दिव्यांवरची काजळी धुवायची. सह्याद्रीत पाणी झिरपतंच, तेव्हा पॅनलमधला छोटा हीटर चालू आहे ना तेही बघायचं. दोन बोगद्यांना जोडणाऱ्या आडमार्गात हवेचा दाब थोडा जास्त ठेवतात, म्हणजे धूर शिरत नाही. पण दाब फार वाढला तर दार उघडत नाही. घाबरलेल्या सत्तरीच्या आजीला ते ढकलता आलं पाहिजे, म्हणून दाराला लागणारा जोर आम्ही काटा लावून मोजतो. एका जुन्या बोगद्यात सुट्या भागांची तरतूदच नसल्यामुळे एका पंख्याचे भाग काढून दुसरा जगवलेला मी पाहिला आहे. उद्घाटनाला पैसा मिळतो, बेअरिंगला मिळत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

दिरांना मी आणखी एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगते. पुढे आग किंवा दाट धूर दिसला तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, किल्ली गाडीतच राहू द्या म्हणजे मदतीला येणाऱ्यांना ती हलवता येईल. गाडी उलटी वळवू नका. सामान सोडा, मुलांना घ्या आणि हिरव्या पाटीवरचा पळणारा माणूस ज्या दिशेला आहे तिकडे चालत निघा. आडमार्गाचं दार साधारण दर 300 मीटरवर असतं. फोन करायचा तर मोबाइल काढू नका, भिंतीतला एसओएस फोन उचला. तो उचलताच तुम्ही नेमके कुठे आहात हे नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर उमटतं, घाबरून काही सांगता आलं नाही तरीही.