गाडी झाका, पण कोंडू नका

अब्बांना दर आठवड्याला दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून आम्ही कर्ज काढून एक जुनी गाडी घेतली. अंगणात छप्पर नाही, त्यात रत्नागिरीचा पाऊस आणि खारी हवा. पावसाळाभर आम्ही गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री बांधत राहिलो. ऑक्टोबरात पाहतो तो दारांच्या कडांना गंज! ताडपत्री कुठे फाटली नव्हती. ओल्या गाडीवरच ती बांधल्यामुळे आतली वाफ आतच कोंडली होती.

तेव्हा कव्हर घेताना दोन गोष्टी पाहा. कापड पाणी अडवणारं, पण वाफ बाहेर सोडणारं हवं आणि आतलं अस्तर मऊ हवं. माप आपल्याच मॉडेलचं घ्या. सैल कव्हर वाऱ्यावर फडफडून रंग घासतं, म्हणून खालचे पट्टे बांधायला विसरू नका.

धुळीच्या गाडीवर कव्हर ओढलं की धूळ पॉलिश पेपरसारखी घासते. म्हणून आधी गाडी पुसा, वाळू द्या आणि इंजिन व सायलेन्सर थंड होऊ द्या. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा कव्हर काढून गाडी आणि कव्हर दोन्ही वाळवा.

कव्हर महाग वाटतं खरं, पण पत्रा बदलण्याचा खर्च आम्ही सोसला आहे.